‘वाईट’ जनुक सापडलंय, ताईला सांगू का?

प्रश्न:
माझी थोरली बहीण ५८ वर्षांची आहे. आठ महिन्यांपूर्वी तिच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ, हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह. डॉक्टरांनी २१ जनुकांची चाचणी करायला लावली, स्कोअर १९ आला. केमोची गरज नाही, रेडिएशन आणि मग पाच वर्षं हॉर्मोनविरोधी गोळ्या, असं त्यांनी सांगितलं. ताई निर्धास्त झाली. गोळ्या चालू आहेत, सकाळी सांधे आखडतात एवढीच तिची तक्रार.

मला मात्र चैन पडेना. १८ ते ३० म्हणजे ‘मध्यम धोका’ असं कुठंतरी वाचलं. म्हणून मी हट्टाने एका खासगी लॅबकडून गाठीची मोठी आरएनए तपासणी करवून घेतली. त्यात एका जनुकाची पातळी ‘वाढलेली’ निघाली. त्यावरचा शोधनिबंध सापडला: हे जनुक वाढलेलं असेल तर रुग्ण कमी जगतात आणि गाठीतली प्रतिकारशक्ती दबलेली असते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून खुल्या डेटावर स्वतः आलेखही काढला. लाल आणि निळी रेषा स्पष्ट वेगळ्या, पी व्हॅल्यू ०.००३. डॉक्टरांना दाखवला तर ‘याने काही बदलत नाही’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

केमोचा आग्रह धरू का? इम्युनोथेरपी मागू का? हे जनुक आमच्या घराण्यात असेल तर माझ्या मुलीचं काय? आणि यातलं ताईला अजून काहीच सांगितलेलं नाही. सांगू का?
— झोप उडालेला भाऊ

उत्तर:
तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे, सांगायची तऱ्हा चुकली. त्या चार शब्दांमागे बरंच काही आहे, आणि ते कुणी नीट उलगडून सांगितलं असतं तर तुमची झोप उडाली नसती. मी ताईंच्या स्लाइड किंवा रिपोर्ट पाहिलेले नाहीत, त्यामुळे उपचार ठरवायचे ते त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टनीच. पण तुम्ही लिहिलंय ते खरं धरलं तर तुमच्या चार प्रश्नांपैकी तीन सुटण्यासारखे आहेत. चौथा अवघड आहे. त्याकडे शेवटी येते.

आधी ते १९. ऑन्कोटाइप डीएक्स ही २१ जनुकांची चाचणी २००४ मध्ये जाहीर झाली तेव्हा १८ च्या खाली कमी धोका, १८ ते ३० मध्यम आणि ३१ पासून पुढे जास्त, अशा पायऱ्या होत्या. तुम्ही वाचलंत ते त्या काळचं. मधल्या पायरीवरच्या स्त्रियांना केमो द्यावी की नाही हे तेव्हा कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं, म्हणून तर ‘टेलरएक्स’ हा मोठा अभ्यास हाती घेतला गेला. ताईंसारखीच गाठ असलेल्या आणि काखेत कॅन्सर न पोचलेल्या दहा हजारांहून जास्त स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या ११ ते २५ स्कोअरच्या ६,७११ जणींची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली: एकीकडे केमो आणि हॉर्मोनविरोधी उपचार, दुसरीकडे नुसते हॉर्मोनविरोधी उपचार. २०१८ मध्ये निकाल आला. नऊ वर्षांनी, कॅन्सर दूरच्या अवयवात उलटला नाही अशांचं प्रमाण केमोसह ९५.० टक्के आणि केमोविना ९४.५ टक्के. हयात असलेल्यांचं प्रमाण ९३.८ आणि ९३.९. पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांमध्ये १६ ते २५ या स्कोअरला केमोचा थोडा फायदा दिसला, पण ताई ५८ च्या आहेत.

तेव्हा केमोचा आग्रह धरू नका. केस जाणं आणि उलट्या यांची सगळ्यांना कल्पना असते. हातापायांचा बधिरपणा किंवा हृदयाला झालेली इजा कधी कधी कायमची मागे राहते, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पदरात काही पडणार नसेल तर ते का सोसायचं?

आता तुमचं जनुक. त्याचं नाव मी मुद्दाम छापत नाही, नाहीतर उद्या आणखी शंभर वाचक तेच शोधत बसतील.

शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. प्रथिनं बनवणारी जनुकं त्यात सुमारे वीस हजार. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी वेगळी असते ती कोणतं जनुक किती जोरात चालू आहे यामुळे. चालू असलेल्या जनुकाच्या आरएनए प्रती पेशीत तयार होतात, त्या मोजल्या की जीन एक्स्प्रेशन कळतं. मोजणी होते हे खरं, पण ‘वाढलेली’ हा शेरा कशाच्या तुलनेत? शेजारच्या निरोगी ऊतीच्या, त्या लॅबकडे आलेल्या इतर गाठींच्या, की आणखी कशाच्या? रिपोर्टवर ते लिहिलंय का पाहा. अशा बहुतेक शोधनिबंधांत ‘जास्त’ म्हणजे त्या अभ्यासातल्या रुग्णांच्या मध्यकापेक्षा, म्हणजे चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांतल्या बरोबर मधल्या आकड्यापेक्षा, वर. म्हणजे व्याख्येनेच अर्धे रुग्ण ‘जास्त’ गटात जातात, मग ते जनुक कितीही निरुपद्रवी असो. शिवाय काढलेली गाठ ज्यात जपून ठेवतात त्या मेणाच्या ब्लॉकमधला आरएनए तुकडे तुकडे झालेला असतो, आणि येणारा आकडा यंत्र, रसायनं आणि हिशेबाची पद्धत यांप्रमाणे बदलतो. तुमच्या लॅबचा आकडा उचलून दुसऱ्यांच्या आलेखावर ठेवता येत नाही. दोन प्रणालींतल्या लॉगमधल्या वेळा एकमेकींशी जुळवून न घेता तुम्ही तुलना कराल का? इथे तेच झालंय.

समजा आकडा जुळला. मग ती लाल रेषा, म्हणजे जनुक ‘जास्त’ असलेल्यांपैकी काळ जाईल तसे किती हयात राहिले ते दाखवणारी. तिच्यात कोण कोण आहे, हे तुम्ही पाहिलंत का?

तुम्ही वापरलेला खुला डेटा बहुधा टीसीजीए या प्रकल्पातला असणार. २००६ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात ३३ प्रकारच्या कॅन्सरच्या अकरा हजारांहून अधिक रुग्णांच्या गाठी आहेत. खजिनाच आहे तो. पण ‘स्तनाचा कॅन्सर’ असा एकच पर्याय निवडून आलेख काढला की हॉर्मोन पॉझिटिव्ह (हॉर्मोनच्या इशाऱ्यावर वाढणाऱ्या), हर-२ पॉझिटिव्ह (हर-२ हे पेशींना वाढायला लावणारं प्रथिन जास्त असलेल्या) आणि ट्रिपल निगेटिव्ह (यांपैकी काहीच नसलेल्या), सगळ्या गाठी एकाच पिशवीत पडतात. हे आजार इतके वेगळे आहेत की २००० साली जीन एक्स्प्रेशनच्या नकाशावरूनच त्यांची नव्याने गटवारी झाली. एखादं जनुक ट्रिपल निगेटिव्ह गाठींत जास्त चालत असेल तर लाल रेषेत त्याच गाठी गोळा होतात आणि रेषा खाली येते. जनुकाला दोष लागतो, वास्तविक दिसत असतो तो गाठीचा प्रकार. ताईंच्या प्रकारापुरता, वय आणि ग्रेड (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ती पायरी) जमेस धरून आलेख पुन्हा काढलात तर त्या दोन रेषांमधलं अंतर किती उरतं ते कळेल. खरं तर काढूच नका. पण काढल्याशिवाय राहवणार नाही हे मला ठाऊक आहे.

आणि तो ०.००३, म्हणजे जनुकाचा काही संबंध नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात तीन. वीस हजार जनुकं एकेक करून तपासली तर निव्वळ योगायोगानेही साठेक जनुकं या चाळणीतून पार होतील. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त होतात, आणि त्याचं कारण योगायोगापेक्षा मनोरंजक आहे. २०११ मध्ये ब्रसेल्सच्या काही संशोधकांनी स्तनाच्या कॅन्सरचं भाकीत करणारे ४७ प्रसिद्ध जनुकसंच घेतले आणि तेवढ्याच आकाराच्या, डोळे मिटून उचललेल्या जनुकसंचांशी त्यांची तुलना केली. साठेक टक्के प्रसिद्ध संच डोळे मिटून उचललेल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. जेवणानंतर हसल्याने रक्तपेशींत बदलणारी जनुकं, इतर उंदरांकडून सतत मार खाणाऱ्या उंदरांतली जनुकं, असे कॅन्सरशी काडीचाही संबंध नसलेले संचसुद्धा रुग्णांच्या आयुष्याशी छान ‘जुळले’. शंभराहून जास्त जनुकांचा कुठलाही संच घ्या, दहांतल्या नवांपेक्षा जास्त वेळा तो जुळतो.

असं का होतं? गाठीतल्या पेशी किती भराभर विभागताहेत, हा एकच सूर हजारो जनुकांच्या आकड्यांत मिसळलेला असतो. भराभर वाढणारी गाठ जास्त धोक्याची, हे तर पॅथॉलॉजिस्ट पिढ्यान्‌पिढ्या सूक्ष्मदर्शकाखाली विभागणाऱ्या पेशी मोजून सांगत आले आहेत. तुमचं जनुकही बहुधा त्याच सुरात सूर मिसळतंय.

मग ताईंची २१ जनुकांची चाचणी तरी वेगळी कशी, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. आधीच्या संशोधनातून २५० जनुकं निवडली, तीन अभ्यासांतल्या ४४७ रुग्णांवर ती तपासली, त्यांतली १६ ठेवली, मोजमाप स्थिर राहावं म्हणून ५ जोडली. मग सूत्र गोठवलं. त्यानंतर त्याला हात न लावता वेगळ्याच ६६८ रुग्णांवर ते लावून पाहिलं. आणि त्याही पुढे, त्याच्या आधारे उपचार ठरवले तर काय होतं, ते टेलरएक्सने वर्षानुवर्षं पाहिलं. तुमच्या हातातला शोधनिबंध या वाटेच्या पहिल्या मुक्कामावर आहे. बहुतेक शोधनिबंध तिथेच थांबतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र तो वाचून कुणाचा उपचार बदलायचा नसतो.

एक गंमत सांगते. त्या १६ जनुकांत सर्वांत जास्त वजन पेशींच्या विभाजनाशी निगडित पाच जनुकांच्या गटाला आहे. म्हणजे तुमचं जनुक जे सांगू पाहतंय त्यातला मोठा भाग १९ या आकड्यात आधीच धरलेला असण्याची शक्यता आहे. आणि सीडी६८ हे मॅक्रोफेज नावाच्या प्रतिकारपेशींचं जनुकसुद्धा त्या यादीत आहे. त्याचं वजन मात्र नाममात्र.

इथून प्रतिकारशक्तीच्या मुद्द्याकडे वळू. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त भीती त्या वाक्यामागे दिसली.

गाठ म्हणजे नुसत्या कॅन्सरच्या पेशी नव्हेत. तिच्यात रक्तवाहिन्या, तंतू, चरबी आणि वेगवेगळ्या प्रतिकारपेशी असतात. तपासणीसाठी हे सगळं एकत्र घोटून आरएनए काढला जातो. मग त्या मिश्रणावरून टी पेशी (कॅन्सरवर हल्ला करू शकणाऱ्या प्रतिकारपेशी) किती, मॅक्रोफेज किती, याचा अंदाज सॉफ्टवेअर बांधतं. सायबरसॉर्ट या २०१५ च्या पद्धतीत अशा २२ प्रकारच्या पेशींचा अंदाज निघतो. गर्दीचा गलका दुरून ऐकून त्यात बायका किती, मुलं किती, म्हातारे किती हे सांगण्यासारखं ते आहे. कान तयार असेल तर अंदाज बराच जवळ जातो, पण कुणाला पाहिलेलं नसतं. त्यात आणखी एक खोच. एखादं जनुक मुळात प्रतिकारपेशींतच चालू असेल तर त्या पेशी कमी असलेल्या गाठीत त्याचा आकडाही कमी येणारच. मग ‘या जनुकाचा प्रतिकारशक्तीशी संबंध आढळला’ हा निष्कर्ष म्हणजे तीच गोष्ट दोनदा सांगणं. म्हणून एकेका पेशीचा आरएनए स्वतंत्र मोजणाऱ्या नव्या पद्धती आल्या. तुमच्या लॅबने बहुधा ती वापरलेली नाही.

गाठीतल्या प्रतिकारपेशींना महत्त्व नाही असं मात्र अजिबात नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये गाठीच्या मध्यभागी आणि कडेला टी पेशी किती आहेत हे प्रत्यक्ष मोजून रोगाची पुढची वाटचाल सांगता येते, हे २००६ मध्ये दिसलं. पुढे त्याची ‘इम्युनोस्कोअर’ ही चाचणी झाली आणि २०१८ मध्ये अनेक देशांतल्या २,६८१ रुग्णांवर ती खरी उतरली. ट्रिपल निगेटिव्ह स्तनाच्या कॅन्सरमध्येही गाठीत लिम्फोसाइट (टी पेशी ज्यांत मोडतात त्या प्रतिकारपेशी) जास्त असणं हे चांगलं लक्षण. पण ताईंच्या प्रकारात, म्हणजे हॉर्मोन पॉझिटिव्ह आणि हर-२ निगेटिव्हमध्ये, २०१८ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात नेमकं उलटं दिसलं: लिम्फोसाइट जास्त असलेल्या स्त्रिया सरासरीने कमी जगल्या. मूत्रपिंडाच्या नेहमीच्या प्रकारच्या कॅन्सरमध्येही टी पेशींची गर्दी अनेकदा वाईट बातमी असते. तेव्हा ‘प्रतिकारशक्ती दबलेली’ हे वाक्य कॅन्सरचा प्रकार न सांगता लिहिलं असेल तर त्यावरून आनंदही मानू नये आणि दुःखही.

हेही लक्षात घ्या की हे वर्णन काढून टाकलेल्या गाठीच्या आतलं आहे. ताईंच्या शरीराच्या एकंदर प्रतिकारशक्तीशी त्याचा संबंध नाही. त्या वाक्याला घाबरून प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून खपवली जाणारी कुठलीही पावडर त्यांना चारू नका.

आणखी एक गोष्ट तुम्हाला रंजक वाटेल. २०१२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी मूत्रपिंडाच्या गाठींचे एकाच गाठीतल्या वेगवेगळ्या जागांचे तुकडे तपासले. एकाच गाठीच्या एका कोपऱ्यात ‘चांगल्या’ भाकिताचा जनुकसंच होता आणि दुसऱ्या कोपऱ्यात ‘वाईट’. म्हणजे तुकडा कुठून घेतला यावरही आकडा बदलू शकतो.

एवढं असूनही एखादं जनुक खरोखरच वाईट खबर देणारं असू शकतं. मग पुढचा प्रश्न असा, की ते कळल्याने उपचारात काय बदल करता येतो? हर-२ चंच बघा. त्याच्या जास्तीच्या प्रती असलेल्या स्तनाच्या गाठी लवकर उलटतात हे १९८७ मध्ये समोर आलं. तेव्हा ती नुसती वाईट बातमी होती. १९९८ मध्ये त्यावर नेमका मारा करणारं ट्रास्टुझुमॅब मंजूर झालं आणि तीच खूण औषध कुणाला द्यायचं ते सांगू लागली. तुमच्या जनुकाच्या बाबतीत असं औषध नाही, ते बघून केमो दिल्याने कुणाचा फायदा झाल्याचा पुरावा नाही. डॉक्टरांच्या चार शब्दांचा अर्थ हा.

इम्युनोथेरपीचं थोडक्यात. पीडी-१ हा प्रतिकारपेशींवरचा ब्रेक रोखणारी औषधं कुणाला द्यायची हे कॅन्सरचा प्रकार आणि टप्पा, तो ब्रेक दाबणाऱ्या पीडी-एल१ ची तपासणी, डीएनए दुरुस्तीतला बिघाड अशा गोष्टींवर ठरतं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या ट्रिपल निगेटिव्हमध्ये, धोका जास्त असेल तर, ती वापरतात. ताईंसारख्या लहान, हॉर्मोन पॉझिटिव्ह, काढून टाकलेल्या गाठीसाठी ती नेहमीच्या उपचारांचा भाग नाहीत. ही औषधं निरुपद्रवीही नाहीत: चेतवलेली प्रतिकारशक्ती थायरॉइड, फुप्फुसं, आतडी यांवर उलटू शकते आणि काहींना आयुष्यभर हॉर्मोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात. मागू नका.

तुमच्या मुलीबद्दलची काळजी या रिपोर्टमुळे करू नका. गाठीतली जनुकाची पातळी हे त्या गाठीचं वागणं, ते वारशाने येत नाही. वारशाने येतात ते बीआरसीए१, बीआरसीए२ यांसारख्या जनुकांमधले बदल, आणि त्यांची तपासणी रक्त किंवा लाळेवर वेगळी करतात. घरात स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर आणखी कुणाला झाला असेल, विशेषतः कमी वयात, तर ते डॉक्टरांना सांगा आणि जनुकीय समुपदेशकाची भेट मागा.

आता तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात ती ओळ. ‘सकाळी सांधे आखडतात एवढीच तिची तक्रार.’ तुमच्या पत्रातली कामाची बातमी ही आहे. टेलरएक्समधला तो ९४.५ टक्क्यांचा आकडा हॉर्मोनविरोधी उपचारांच्या जोरावर आलेला आहे. या गटातल्या अरोमाटेझ इन्हिबिटर गोळ्यांनी सांधेदुखी होणं अगदी नेहमीचं, आणि त्यापायी पुष्कळ बायका पाच वर्षं पुरी व्हायच्या आत, बहुतेकदा कुणाला न सांगता, गोळ्या सोडून देतात. सोडल्या की कॅन्सर उलटण्याचा धोका वाढतो. सांधेदुखीवर उपाय आहेत: नियमित व्यायामाने ती कमी होते हे अभ्यासांत दिसलंय, गोळी बदलून बघता येते, दुखण्यावर औषधं देता येतात. या गोळ्यांनी हाडंही विरळ होतात, म्हणून हाडांच्या घनतेची तपासणी झाली आहे का ते विचारा. आलेखांवर खर्च होणारा तुमचा वेळ ताईंबरोबर रोज चालायला जाण्यात घालवलात तर त्याचा त्यांना उपयोग होईल.

राहिला चौथा प्रश्न. तुम्ही विचारलंत ‘सांगू का’, आणि मला वाटतं तुम्हाला हवंय ते ‘नको’ हे उत्तर. मी ते देणार नाही. गाठ ताईंची होती, रिपोर्टही त्यांचाच आहे. ब्लॉक बाहेर पाठवताना त्यांची सही घेतली असेल तर कशावर सही करतोय हे त्यांना कळलं होतं का, हाही प्रश्न उरतोच. आज ना उद्या तो कागद त्यांच्या हाती लागेल किंवा डॉक्टरच बोलण्याच्या ओघात विषय काढतील, आणि मग ‘माझ्यापासून काय लपवताय तुम्ही?’ या शंकेला उत्तर देणं महाकठीण. आजारी माणसाला जनुकापेक्षा घरच्यांच्या कुजबुजीची धास्ती जास्त असते.

पण सगळा शोधनिबंध त्यांच्या पुढ्यात ओतायचीही गरज नाही. तपासणी केली हे सांगा, का केली ते सांगा, आणि किती जाणून घ्यायचं ते त्यांच्यावर सोडा. ‘ताई, मी घाबरलो होतो म्हणून गाठीची आणखी एक तपासणी करून घेतली. तुझा उपचार बदलेल असं त्यात काही नाही. तुला बघायचा असेल तर रिपोर्ट आहे, नको असेल तर राहू दे.’ एवढं पुरे. त्या कदाचित चिडतील, आपल्याला न विचारता केलं म्हणून. चिडू द्या, त्यांचा हक्क आहे. कदाचित हसतीलही, धाकट्या भावाचे उद्योग त्यांना नवे नसणार. त्यांनी ‘बघू दे’ म्हटलं तर तुम्ही वर वाचलंत ते त्यांच्या शब्दांत सांगा, आणि लाल रेषा दाखवायचीच झाली तर त्या रेषेत कोण कोण आहे ते आधी सांगून मग दाखवा.

डॉक्टरांची पुढची भेट घेताना थोडा जास्त वेळ आगाऊ मागून घ्या. आत गेल्यावर पहिल्यांदा ताईंना बोलू द्या, सांध्यांबद्दल, झोपेबद्दल, जे असेल ते. तुमचा प्रश्न त्यानंतर.